बाबा झोपले आहेत

उन्मेषला नाही म्हणायला मी घाबरत नाही. दिवसातून दहा वेळा म्हणते. पण त्या दुपारी मी तोंड उघडायच्या आत बाबाच हो म्हणून बसले.

झालं असं, की आमचा गेम बाहेरच्या देशातली एक कंपनी घेणार होती आणि त्यांना एक व्हिडिओ हवा होता. ज्यानं जन्मात गेम खेळला नाही असा माणूस आमचा गेम खेळताना. उन्मेष, म्हणजे आमच्या चार टाळक्यांच्या स्टुडिओचा मालक, हार्ड डिस्क न्यायला तांडापेठेत आमच्या घरी आला होता. आई पारशिवनीला मावशीकडे गेलेली. बाबा हॉलमध्ये येरझारा घालत होते. रिटायर झाल्यापासून त्यांचं हेच चाललंय. पाणी प्यायला उठतात आणि पाणी न पिताच परत येतात, कूलरचं बटण उगाच कमीजास्त करतात, पलंगावर आडवे होतात आणि लगेच उठून बसतात. कळमेश्वरच्या कारखान्यात अख्खी नोकरी रात्रपाळीत काढलेला माणूस; आता ना रात्री झोप, ना दिवसा. त्यांना बघून मलाही एका जागी बसवत नाही.

"असा माणूस आणू कुठून मी?" उन्मेष सरबत पिता पिता म्हणाला. "आजकाल सगळ्याइनं मोबाइलवर काही ना काही खेळलं हाय."

"मी नाही खेळलो," बाबा म्हणाले. "मले दाखव."

"तुमाले नाही जमणार ते, बाबा," मी घाईनं म्हटलं.

"काहून नाही जमणार? एवढ्या मोठ्या मशिनी चालवल्या मी."

उन्मेष खूश. त्यानं लॅपटॉप टीपॉयवर मांडला, बाबांच्या कानाला हेडफोन लावले, हातात गेमचा कंट्रोलर दिला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जरीपटक्याहून केबल घेऊन येतो म्हणून निघूनही गेला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? गेममधला राक्षस मोहल्ल्यातल्या एका काकांवरून सुचला, असं मी स्टुडिओत सांगून ठेवलं होतं. खरं फक्त माझ्या भावाला ठाऊक होतं. जितूनं पुण्यात आमचा पहिला व्हिडिओ पाहिला आणि त्याच मिनिटाला फोन केला, "मिनल, हे बाबाचं घोरणं हाय न वं? पागल झाली का तू?"

झालेच होते बहुतेक.

आमच्या लहानपणी घरात नियम एकच होता, बाबा झोपले आहेत. ते सकाळी पाळीवरून यायचे, जेवायचे आणि हॉलमधल्या पलंगावर झोपायचे. आमच्या घराचा हॉल असा, की कुठेही जायचं तर त्यातूनच. स्वयंपाकघर पलीकडे, मोरी पलीकडे, अंगणही पलीकडे. सुट्टीच्या दिवसांत मी आणि जितू तो हॉल कसा ओलांडायचो ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. कूलरचा पंप घरघरला की तेवढ्यात सरकायचं. ताट ठेवायचं तर आधी खाली फडकं. कडीला खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवायचं. घोरणं चालू असेल तर चालत राहायचं; थांबलं तर जिथे असू तिथेच थांबायचं, मग एक पाय हवेत का असेना. आणि फरशी. आजोबांचा हातमाग याच हॉलमध्ये होता. माग विकल्यावर त्याचा पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली, ती काही नीट बसली नाही. तिच्यावर पाय पडला की ढप्प असा पोकळ आवाज घरभर. म्हणून तिला वळसा घालायचा, आलमारीला अंग घासत.

बाबांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, हे आधीच सांगते. पण झोपमोड झाली की ते पलंगाच्या कडेला उठून बसायचे, आमच्याकडे पाठ करून, आणि बराच वेळ बोलायचेच नाहीत. पुढे काय होईल याचा नेम नसायचा. कधी नुसते खाकरून परत आडवे व्हायचे. कधी हाताला लागेल ते अंगणात जायचं. जितूचं ताट एकदा तसंच गेलं, वरणभातासकट. मला त्या पाठीची जेवढी भीती वाटली तेवढी पुढे कशाचीच वाटली नाही.

तेच सगळं मी गेममध्ये घातलं. खेळणाऱ्याच्या हातात बंदूक नाही, काठी नाही. दिसतं एवढंच त्याचं बळ, आणि पलंगावर झोपलेल्या त्या आंधळ्या धुडाला फक्त ऐकू येतं. वाकून चालायचं, श्वास धरायचा, आलमारीआड लपायचं, काहीतरी दूर भिरकावून त्याचं लक्ष भलतीकडे वळवायचं आणि घराबाहेर पडायचं. आई नसताना मी आमचा हॉल टेपनं मोजला. बाबांचं घोरणं, खाकरणं मोबाइलवर धरून ठेवलं. उन्मेष म्हणाला, बाहेरच्यांना तांडापेठेतलं घर काय कळणार, म्हणून विलायती बंगला केला, लाकडी जमीन केली, भिंतीत शेकोटी केली. नागपुरात शेकोटी! राक्षसाला झगा घातला. पण दार तिथेच, पलंग तिथेच, खिडकी तिथेच आणि फरशीच्या जागी एक पोकळ फळी. आजवर खेळायला आलेला प्रत्येक माणूस त्या फळीवर मेलेला आहे.

आता बाबा त्या हॉलमध्ये बसून गेममधल्या त्याच हॉलमध्ये शिरले होते, आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून ओढणीचं टोक चावत होते. आपलं घोरणं कोणाला ओळखू येत नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते. झगा आहे, शेकोटी आहे, नाही कळणार. कळलं तर हा माणूस आयुष्यभर काय समजेल आपल्याला? मला त्यांना दुखवायचं नव्हतं. गेम करताना हा विचार आला नाही असं नाही; आला होता, मी तो बाजूला सारला होता.

पहिल्या खेपेला बाबा पडद्यावरच्या छताकडेच नुसतं बघत राहिले.

"खाली कसं पाहू वं?"

"उजव्या अंगठ्यानं पाहा. डाव्यानं चाला. हे बटन दाबलं का वाकाल."

त्यांनी वाकायचं सोडून सरळ पलंगाकडे कूच केलं. धूड उठून कडेला बसलं, पाठ आमच्याकडे.

"हलू नका," मी त्यांचा एक हेडफोन सरकवून म्हटलं. "तो बसला असंन तवा बिलकुल हलाचं नाही. श्वास धरा."

बाबांनी खरोखरच श्वास धरला, बटण दाबायचं राहिलं. धूड वळलं आणि पडदा लाल झाला.

"मारलं वं यानं मले," बाबा म्हणाले आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मलाही जरा हायसं वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी एक पेला उचलून खिडकीकडे फेकला. धूड तिकडे गेलं. बाबा एवढे खूश झाले की तिथेच उभे राहिले आणि धूड परत येताना त्याच्या तोंडी सापडले. "परत लाव," म्हणाले. पाय आता हलत नव्हते त्यांचे. रिटायर झाल्यापासून मी त्यांना एवढं स्थिर बसलेलं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला ते दारापासूनच वाकले. घोरण्याचा सूर चढला की सरकायचे, उतरला की थांबायचे. मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी पोचले. पुढे अंधार, अंधारात फळी. तिथे खूण नाही, रंग वेगळा नाही, काही नाही. बाबा डावीकडे वळले, आलमारीला घासत पुढे गेले आणि पलीकडे निघाले. मग थांबले. त्यांनी नजर मागे वळवून जमिनीकडे पाहिलं. मग पलंगाकडे.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ही फरशी आपली हाय," म्हणाले.

"हो."

"पाय आपोआपच नाही देला मी तिच्यावर." त्यांनी खालच्या जमिनीकडे बोट केलं. "सकाळी पाळीवरून येत होतो तवा तुमी दोघं इथं खाली झोपून राहत होते. तुमची झोप मोडन म्हणून मी आलमारीकडूनच जात होतो."

हे मला माहीत नव्हतं. असणार कसं, मी झोपलेली असायची. तो वळसा माझा आणि जितूचा, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"अन् पलंगावरचा तो?"

या प्रश्नाची उत्तरं मी कितीतरी महिने तयार करून ठेवली होती. मोहल्ल्यातले काका. बाबा, गेम हाय नुसता.

"तुमी," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. "एवढा घोरतो मी?"

"हो."

ते उठले आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. मी जागची हलले नाही. सत्तावीस वर्षांची घोडी झाले, दुनियेला घाबरवायचा पगार घेते, आणि तरी श्वास धरून उभी राहिले. कूलर घरघरत होता. त्या पाठीला म्हातारपण आलंय, बनियन सैल झालंय, हे मला तेव्हा दिसलं, पण त्यानं भीती काही कमी झाली नाही.

"कंपनीत लोकं रडत होते," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "पोरं दिवसा झोपू नाही देत म्हणून. मी सगळ्याइले सांगत होतो, माह्या पोराइले बोलाच लागत नाही. बाप झोपला का चिडीचूप. त्याइचा जीव हाय माह्यावर, म्हणत होतो मी." त्यांनी गुडघे चोळले. "तुमी भेत होते."

"भेत होतो."

मला रडू येत होतं आणि स्वतःचाच राग येत होता. हो म्हणून मोकळी झाले खरी, पण ते अर्धंच होतं. भाजीवाला गल्लीत शिरायच्या आत मी अनवाणी पळत जायची आणि त्याला कोपऱ्यावरच अडवून सांगायची, काका, ओरडू नका, माझे बाबा रात्रभर उभे राहून आलेत. ते मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यावरून जितूची आणि माझी भांडणं व्हायची, आज कोण जाणार म्हणून. ते भीतीनं नव्हतं. मी हे सगळं बाबांना सांगितलं, अडखळत, नाक ओढत.

"जीव पण होता, बाबा," मी म्हटलं.

बाबा वळले. त्यांचे डोळे लाल होते, पण ते हल्ली रोजच असतात.

"खरंच?"

"खरंच."

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर तो झगेवाला अजून झोपलेला होता, छाती वरखाली होत होती.

"मग ते काहून नाही टाकलं यात?"

रागानं नाही विचारलं त्यांनी. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी फरशीला वळसा न घालता ढप्प आवाज करत गेले आणि त्यांच्याशेजारी पलंगाच्या कडेला बसले.