कुलुपातला पाऊस

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, सरळ बसून ऐका. तेच ते पुन्हा सांगण्याची मला सवय नाही. माझ्या भावंडांच्या वाट्याला लोणची आणि सरबते आली. माझ्या वाट्याला आकाश आले, तेही जाळीआडून.

एकोणीसशे शहात्तर साली सोलापुरात गौरम्मा नावाच्या आजीबाईंच्या गच्चीवर मला बसवले. डोक्यावर नरसाळे, भोवती जाळीची पेटी, पेटीला कुलूप. किल्ली गौरम्मांच्या कमरेला. पडेल तो पाऊस पोटात घ्यायचा आणि निमूट राहायचे, एवढेच माझे काम. प्रयोगशाळेच्या हेमावतीबाई ते पाणी तपासत आणि वाऱ्याची दिशा पाहून, त्यातली घाण कुठून आली याचा माग काढत.

त्या वर्षी वाळत घातलेल्या पांढऱ्या सुतावर पाऊस पडला, की काळपट डाग उठत. आळ आला मौलाली रंगाऱ्याच्या भट्टीच्या धुरावर. तपासणीचा निकाल लागेपर्यंत त्याने भट्टी बंद ठेवावी, असा हुकूम सुटला. भट्टी थंडावली, तरी डाग थांबेनात. विणकर टोमणे मारत, "मौला, दिवसा झोपतोस आन रातच्याला रंगवतोस, व्हय?"

निकाल आला. पावसात मीठ सापडले होते. रंगाच्या कढईत मिठाची पोती रिकामी होतात, हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मौलाली एवढेच म्हणाला, "बाई, माजी भट्टी गार हाय. हात लावून बघा की."

खरे काय ते मी जाणत होते. पण बूच बसलेल्या बाटलीला कोण विचारतो?

पुढच्या खेपेस हेमावतीबाई मला न्यायला स्वतः आल्या. गौरम्मांनी मला पेटीतून काढले आणि त्यांच्यादेखत माझ्यात चिमूटभर मीठ सोडले.

"अम्मा, हे काय टाकलंत?"

"परक्याचं भांडं नुसत्या पाण्यानं परत देतंय व्हय कुणी? साखर महाग झाली, पोरी. मीठ बी लक्ष्मीच की."

"दर वेळी टाकत होता?"

"दर वेळी. मी काय चिक्कू हाय?"

हेमावतीबाईंनी ते पाणी ओतून दिले. मग मला खळखळून धुतले, पेटीत ठेवले आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. नवा निकाल लागेपर्यंत, म्हणजे उरलेला पावसाळाभर, मौलालीची भट्टी थंडच राहिली. मीही कोंडलेली, तोही कोंडलेला. पश्चिमेच्या वाऱ्याचा पाऊस स्वच्छ निघाला. वारा आग्नेयेकडून फिरला, की पाण्यात काजळी आणि कोळशाच्या धुरातले गंधक उतरे. राज्याच्या सीमेपलीकडच्या धुराड्यांची ती देणगी होती.

मौलाली आळातून सुटला. तो गच्चीवर आला आणि त्याने जाळीतून माझ्याकडे पाहिले.

"बाई, त्यांचा धूर हितं येतोय. मग माजा कुटं जातो?"

"तिकडं बाटली ठेवल्याशिवाय नाही कळायचं," हेमावतीबाई म्हणाल्या.

भट्टी पुन्हा पेटवताना मौलालीने ओली, धुरकट लाकडे बाजूला काढली. त्याला तसे कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, आज मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. कुलूप तिथेही आहेच. मला बाहेर येता येत नाही, तुम्हाला येते. तेव्हा आपल्या घरचा धूर कोणाच्या वाळवणावर उतरतो, ते उठून पाहा.