खताविना एक ओळ

मी वाढायला उभी राह्यले की पंगतीत कुणाचं पान रिकामं राहत न्हाई. मठाच्या दासोहाला, म्हंजे अन्नदानाच्या पंगतीला, तीस वर्षं वाढतेय मी. नीलम्मानं पंक्तिप्रपंच केला, असं कुणी म्हणून तर दाखवावं! तोंडानं मी फाटकी हाय, हातानं न्हाई.

आन माझ्याच लेकीनं मला तेच करायला लावलं.

स्वप्नाली शेतकी कॉलेजात शिकते. चौसाळ्याच्या आमच्या मुरमाड रानात प्लायवूडला जाणाऱ्या मलबार नीमच्या चार ओळी हायेत. ती म्हणली, "आई, तीन ओळींना खत घालायचं. चौथीला चिमूटभरबी न्हाई. माझा प्रयोग हाय." एवढं बोलली आन गेली. कावून, ते तिनं सांगितलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई.

खताची बादली घेऊन निघाले. तीन ओळी झाल्या. चौथीपाशी आले तर, अगं बाई, पुढं पाऊलच पडंना! मुकी झाडं, मागणार तरी कुणाला? मग तिन्ही ओळींतलं मूठ-मूठ परत काढलं आन चौथीला घातलं, चारींना सारखंच. वर्षभर हेच केलं, कुणाला कळू दिलं न्हाई. लई बरं वाटायचं.

वर्षानं स्वप्नाली टेप घेऊन आली. छातीएवढ्या उंचीवर एकेका खोडाचा घेर मोजला. चारी ओळी सारख्याच! पोर हरखली. "आई, आपल्या रानात खताचा उपयोगच न्हाई. उद्या सरांना तसंच लिहून देते."

शेजारचे गहिनीनाथभाऊजी बांधावरून ऐकत होते. त्यांचीबी दोन एकर हीच झाडं, बोटाएवढी खोडं. म्हणले, "बरं झालं पोरी, सांगितलंस. आणलेलं खत परत करतो."

गप बसले तर लेकीचं वर्ष वाचतंय, पण खोट्यावर. आन भाऊजींची झाडं माझ्यापायी उपाशी राहणार.

"थांबा भाऊजी," मी म्हणले. "चौथीलाबी मी खत घातलंय."

सगळं सांगितलं. भाऊजी खत ठेवून घ्यायचं म्हणून घरी गेले. स्वप्नाली मटकन खाली बसली. "वर्ष गेलं माझं, आई," म्हणली आन रडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

डोळे पुसून तिनं तिथंच सरांना फोन लावला. वाटलं, आता माझं नाव निघणार. ती म्हणली, "सर, प्रयोग फसला. एक ओळ उपाशी का ठेवायची, ते मी घरी सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे."

यंदा नवी रोपं लावली. तिनं मला शेजारी बसवून समजावलं, एक ओळ खताविना वाढली तरच खतानं किती फरक पडतो ते कळतंय. पटलं मला. पयलं खत मीच घातलं, चौथी ओळ सोडली आन घरी आले.

त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई.