मिरचीचे हात

मिरची तोडायला तेलंगणात गेलेली दामिनी दोन महिन्यांनी सावली तालुक्यातल्या आपल्या गावी परतली, तेव्हा तिची अडीच वर्षांची रिंकू आजीच्या लुगड्यामागे जाऊन लपली. आजीला, म्हणजे दामिनीच्या सासूला, ताराबाईलाच ती आता ‘माय’ म्हणू लागली होती. धानाची कापणी-मळणी आटोपली की या गावातल्या निम्म्या बाया दरवर्षी मिरचीला जातात, मजुरीपोटी मिरचीची पोती घेऊन येतात, आणि मागे राहिलेली लहान पोरं त्यांना विसरतात. यात नवल ते काय? पण आपल्या पोटची पोर आपल्याकडे परक्या बाईसारखी बघते, तेव्हा काळीज चरकतंच.

दामिनी शहाणी. तिने पोरीला ओढून कडेवर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात मिरच्या वाळत घातल्या, साबणाने हात धुतले आणि दाराआड जाऊन पदराने तोंड झाकलं. “कुक!” रिंकूने आधी आजीकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी तिचे ओठ जरासे हलले. पाचव्या वेळी ती खुदकन हसली आणि आपणहून आईला शोधायला दाराशी आली. दामिनी आनंदाने वेडीच झाली. मागून जाऊन तिने दोन्ही हातांनी लेकीचे डोळे झाकले.

“सांग, कोन हाय?”

पोरीने घर डोक्यावर घेतलं. दोन महिने मिरची तोडलेले हात, ते साबणाला थोडेच ऐकतात? मिरचीला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. परत आल्यावर आठवडाभर त्या स्वतःच्या डोळ्यांनाही हात लावत नाहीत. आनंदाच्या भरात दामिनी नेमकं तेवढंच विसरली.

“अवं, हात काऊन लावले तुनं?” पोरीच्या डोळ्यांवर पाणी मारत ताराबाई ओरडली. मग सुनेचा चेहरा पाहून तिलाच वाईट वाटलं. “जाऊ दे. लेकरू हाय, इसरून जाईन.”

लेकरू आईला विसरलं होतं, हे मात्र विसरेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दामिनी जवळ आली की रिंकू डोळे घट्ट मिटून घ्यायची. “हात नोको.”

तेव्हापासून दामिनी लेकीपुढे हात पाठीमागे घेऊनच बसू लागली. नवरा, धनराज, वैनगंगेत जाळं टाकायला जाई. त्याच्याबरोबर ती रिंकूला घेऊन जाई आणि काठच्या ओल्या वाळूत पाय पसरून बसे. एके दिवशी रिंकूने लांबूनच मूठभर वाळू तिच्या पावलावर टाकली. दामिनी हलली नाही. मग आणखी एक मूठ. थापटून थापटून पाऊल पूर्ण झाकल्यावर दामिनीने अलगद पाय ओढून घेतला, आणि मागे वाळूचं पोकळ घर उरलं. रिंकू बघतच राहिली.

“आनखी कर.”

पुढे रोज हाच खेळ. पाय दामिनीचे, हात रिंकूचे. हातांचा तिखटपणा केव्हाच गेला होता, तरी दामिनीने हात पुढे केला नाही. एकदा घाई अंगाशी आली होती, तेवढं पुरे होतं. शेवटी उन्हाळा सरता सरता रिंकूनेच तिचा हात पुढे ओढला, त्यात वाळू ठेवली आणि तिला ‘माय’ म्हणाली. दामिनी रडली, आणि कुणापासून लपवलंही नाही.

जानेवारीत बायांना मिरचीला नेणारी गाडी पुन्हा आली. गेल्याशिवाय घर चालणार नव्हतं, आणि मिरचीच्या खकाण्यात लेकीला नेण्याचं तिचं धाडस नव्हतं. निघायच्या सकाळी ती रिंकूला नदीवर घेऊन गेली. ताराबाईही सोबत होती. रिंकूने आईचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वाळूने झाकले आणि वर दगड ठेवले.

“आता घर करू?” दामिनीने पाय जरासा हलवला.

“घर नाई करत,” रिंकू वाळू दाबत म्हणाली. “तू पाय काढू नोको.”

दामिनी तशीच बसून राहिली. मग रस्त्यावर गाडीने हॉर्न दिला, ताराबाईने नातीला उचलून घेतलं, आणि दामिनीने पाय काढले.