दबलेला घोडा

कढईवरचं झाकण काढून बेगाइम नुसती उभी होती. वाफेत मेंढीची मांसल हाडंच हाडं. मानाप्रमाणे कुठलं कुणाच्या पुढ्यात ठेवायचं, हे सासूने काल दोनदा समजावलं होतं; पण आता सगळी एकसारखीच दिसत होती. बाहेरच्या खोलीत सासूचा थोरला भाऊ मम्बेत चार म्हाताऱ्यांना घेऊन बसला होता. मानाचं कमरेचं हाड भलत्याच्या ताटात गेलं, तर नारीन गावभर बोभाटा. लग्नानंतरची तिची ही पहिलीच पंगत, आणि नेमका सासूचा हात प्लास्टरमध्ये.

"काय गं, मेंढीशी गप्पा मारतेस की काय?" चुलीपाशी बसलेल्या सासूने, तोक्तोकानने विचारलं.

"एने," तिने सासूला हाक मारली. "मला माहेरी पाठवा. मला काहीच येत नाही." बेगाइमचे डोळे भरले.

सासूने तिच्याकडे नीट पाहिलं. "येत नाही कसं? काल तर घडाघडा सांगितलंस. दबलीयस तू."

हा शब्द गावात घोड्यासाठी होता. पाठीवर ओझं, पायाखाली वाहतं पाणी. घोडा आजारी नसतो, हट्टीही नसतो, तरी नदीच्या मधोमध थिजतो. अशा घोड्याला कुणी चाबूक मारत नाही. पाण्यात उतरून आधी एक पोतं काढून घेतात.

"माणसाला म्हणतात असं?"

"म्हणत नाहीत, म्हणून तर सुना माहेरी पळतात." आणि तोक्तोकानने सरळ हाक दिली, "दादा! सून दबलीय!"

बेगाइमला वाटलं, कढईत उडी घ्यावी.

मग मम्बेत बाह्या सारत आत आला. "मग ओझं उतरवायचं सोडून ओरडतेस काय? सरक, सूनबाई." कढईत डोकावून त्याने स्वतःचं कमरेचं हाड स्वतःच उचललं. "हे माझं. आता चारच उरले. म्हातारे आहेत, दात नाहीत, काहीही दे. उगाच मान मागतात मेले!"

बेगाइम हसली, आणि हसता हसता तिला उरलेली हाडं ओळखू आली. ताटं गेली, रिकामी होऊन परत आली.

चहाच्या वेळी तोक्तोकान एका हाताने किटली उचलू गेली आणि अर्ध्यावरच थांबली. सकाळपासून आपल्याच चुलीपाशी पाहुण्यासारखी बसली होती बाई. किटली ना वर जात होती, ना खाली.

"दबलात?" बेगाइमने हळूच विचारलं.

"थोडी."

बेगाइमने तिच्या हातातून किटली काढून घेतली.