दोन याद्यांवर एक सही

नाव: धम्मपाल सुखदेव रणपिसे.
हुद्दा: इंजिनिअर.
कणा: (हा रकाना जर्मन फॉर्मवर नाही. हवा होता.)

मी क्षमा, त्याची बायको. त्याच कंपनीत, पॅकिंगमध्ये. कंपनी जपानी, कारखाना बाड हॉम्बुर्गजवळ, साल २००६. बेट्रीब्सराटची, म्हणजे कामगार मंडळाची, निवडणूक. युनियनच्या यादीवर मी. यादी भरायला दहा सह्या लागतात. दहावी नवऱ्याची.

दुसरी यादी कारखान्याचे प्रमुख मुराता साहेब यांच्या मर्जीतली. त्यांनी इंजिनिअरांना कॉफी पाजून गोष्ट सांगितली: साठ साली जपानमध्ये, त्यांच्या गावच्या खाणीत संप झाला. त्यांचे वडील मालकाच्या नव्या युनियनमध्ये गेले, काका जुन्यातच राहिले. सख्खे भाऊ, मरेपर्यंत बोलले नाहीत.

"पण खाण चालली!" साहेब म्हणाले.

धम्मपालने मान डोलावली. तिथेही सही ठोकली.

मग निवडणूक समितीचं पत्र: दोन सह्या चालत नाहीत. कोणती खरी, तीन दिवसांत कळवा. न कळवल्यास आधी आलेल्या यादीवर धरू.

आधी आलेली साहेबांची. अर्थात.

पहिला दिवस.

"आल्झो, म्हणजे असं बघ, मला दोन्ही बाजू पटतात, क्षमा. आणि जपानी म्हणजे बुद्धाची माणसं. आपलीच. मध्यम मार्ग काढू."

माझे सासरे तीन महिन्यांसाठी आलेले. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं युनियन चालवलेली. ते म्हणाले, "मध्यम मार्ग म्हणजे दोघांनाही हो म्हणणं नव्हे, गाढवा."

दुसरा दिवस. (रिकामा.)

तिसरा दिवस. त्याने पोहे केले. कळवलं काहीच नाही. पोहे चांगले झाले होते, याचाच जास्त राग आला.

आमच्या यादीवरून त्याचं नाव खोडलं गेलं. नवी दहावी सही आणायला समितीने मला तीन दिवस दिले.

पॅकिंगमध्ये दानूता आहे, पोलंडची. तिचं कंत्राट जूनपर्यंत. वाढवायचं की नाही ते मुराता ठरवणार. तिला मी विचारणारच नव्हते. तिनेच विचारलं, "कुठे करायची?" खोक्यावर कागद ठेवला, सही केली, पुन्हा टेप लावायला लागली.

संध्याकाळी धम्मपाल खूश. "बघ, झालं ना? उगाच टेन्शन घेतलंस."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सूनबाई, काय नाव त्या बाईचं?"

"दानूता."

"दानूता." त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. "रविवारी जेवायला बोलव."

"बाबा, रविवारी मुराता साहेबांना बोलावलंय मी," धम्मपाल म्हणाला.

"मग त्यांना घेऊन तू बाहेर जा."