वगळलेलं फोल्डर

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्यात एका खोलीत जाताना लोक चपला बाहेर काढायचे. देवघर नव्हतं ते, तिथं सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्या कारखान्याचं एकच कपाट. प्रत्येकाला त्यात आपला कप्पा, कागद सगळ्यांचे आणि किल्ली एकट्या कोंडीरामकडे. धूळ चालायची नाही म्हणून दार कायम बंद. दिवसभर त्या गार खोलीत कोंडीराम आणि पंख्याची घरघर.

"काय पुजारीबुवा, देव जागा हाय का?" दारावरून जाताना कामगार ओरडायचे. कोंडीराम हसायचा. तेवढंच बोलणं.

पूर्वी असं नव्हतं. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला ड्रॉइंग ऑफिसात सूर्यभान बसायचा, मिरजगावचा. संगणक दोघंही एकदमच शिकले, पण सूर्यभान दोन पावलं पुढं. तोच कोंडीरामला सांगायचा, "हे बघ कोंडीबा, कागद बंद करताना मशीन विचारतं, बदल साठवायचे का? कायम हो म्हणायचं. नाही म्हणलास की केलेलं पाण्यात." आणि कोंडीराम कायम हो म्हणायचा.

दोघांच्या मधे मोठं आवार. म्हणून सूर्यभान सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये रोज चार ओळींची चिठ्ठी लिहून ठेवायचा. ठेचा आणलाय, साहेब चिडलाय, नात चालायला लागली. कोंडीराम ती वाचायचा आणि डबा घेऊन आवार ओलांडायचा. फेब्रुवारीत सूर्यभानचं हृदय बंद पडलं. बायकोला, गीताबाईला जाऊन कोंडीरामला सहा वर्षं झालीच होती, मुलगी पुण्याला. आता डबा तो खोलीबाहेरच्या टेबलावर, आपल्या मशीनसमोर उघडायचा. घास घेण्याआधी सूर्यभानची एक जुनी चिठ्ठी काढायची. वाचून झाली की बंद. मशीन विचारायचं, हा हो म्हणायचा.

ते अठ्ठ्याण्णव साल. उन्हाळ्यात कुठल्यातरी फ्लॉपीतून कारखान्यात व्हायरस शिरला. हा रोग कागदाबरोबर यायचा. रोगट कागद उघडला की आपलं मशीन रोगट, मग त्या मशीनवर जो जो कागद उघडू तो रोगट. आणि त्याची खोड अशी, की कागद उघडताना त्यातला एखादा शब्द उचलून भलतीकडे ठेवायचा. एका जॉबच्या कागदावर लांबीचा आकडा व्यासाच्या जागी गेला आणि चाळीस नग भंगारात पडले.

साहेबांनी सर्व्हरसाठी तपासणीचा प्रोग्राम मागवला. कोंडीरामनं पुस्तक पुढ्यात घेऊन तो बसवला. सर्व्हरवरचा प्रत्येक कागद आता तासातासाला तपासला जाणार होता. प्रोग्राम विचारत होता, रोगट कागदाचं काय करायचं? त्यानं 'साफ करा' निवडलं. पुस्तकात खाली बारीक अक्षरात होतं, जो साफ होणार नाही तो पुसला जाईल. पुढचा प्रश्न होता, एखादं फोल्डर वगळायचंय का?

कोंडीरामचा हात थांबला. मग त्यानं एकच नाव टाकलं, सूर्यभानचं. मेलेला माणूस कशाला व्हायरस आणील, असं त्याला वाटलं.

तरी रोज दुपारनंतर रोग परत यायचा. तीन आठवडे हेच. सूर्यभानच्या जागेवर आलेली नाझनीन नगरहून रोज एसटीनं यायची. बुधवारी ती चपला काढून दारात उभी राहिली.

"काका, रागावू नका. पण तुम्ही रोज सर्व्हरवर लावता ती सूचना उघडली की माझं मशीन बिघडतं."

"माझी?" कोंडीराम म्हणाला. "बाई, मी डॉक्टर आहे इथला."

"डॉक्टरला ताप येत नाही का?"

त्याला हसू आलं नाही. त्याच दिवशी साहेबांनी बजावलं होतं, "उद्या सुट्टी आहे. तेवढ्यात व्हायरस कुठून येतो ते सापडलं तर ठीक. नाहीतर शुक्रवारी पुण्याची माणसं येतील आणि जुनी फोल्डरं सरसकट पुसतील. ते सूर्यभानचं कशाला ठेवलंय अजून?"

गुरुवारी कारखाना रिकामा होता. फाटकावर फक्त गोरक्षनाथ, पाथर्डीकडचा वॉचमन.

"आज बी आलात? सुट्टी म्हंजी काय असती म्हाईत हाय का न्हाई तुमाला?"

"चोर पकडायचाय."

"मंग मला सांगायचं की! पगार कशाचा घेतो मी?" गोरक्षनाथ हसला. "दुपारच्याला इकडंच या जेवायला. एकट्याला घास जात न्हाई."

"बघू," कोंडीराम म्हणाला. त्याला जायचं नव्हतं. त्याची चिठ्ठीची वेळ ती.

त्यानं सगळी मशीनं बंद असल्याची एकेक करून खात्री केली. फक्त सर्व्हर आणि स्वतःचं मशीन चालू ठेवलं. दोन्ही साफ केली. अकरा वाजता तपासणी लावली. काही नाही. बाराला पुन्हा लावली. काही नाही. साडेबाराला त्यानं डबा पुढे ओढला, एक चिठ्ठी उघडली, वाचली, बंद केली. हो. मग डबा उघडायच्या आधी म्हणून शुक्रवारची सूचना टाइप करून सर्व्हरवर ठेवली आणि पुन्हा तपासणी लावली.

पडद्यावर तांबडी ओळ आली. रोगट कागद: सूचना. कोणाकडून: कोंडीराम.

आवारात चिटपाखरू नव्हतं. बाराला सगळं स्वच्छ होतं. आणि मधल्या वेळात कारखान्यातल्या एकाच माणसानं एकच कागद उघडला होता. डबा तसाच राहिला.

उठून कोंडीराम सर्व्हरच्या खोलीत गेला आणि वगळलेल्या नावांतून सूर्यभानचं नाव काढलं. चिठ्ठ्या साफ झाल्या नाहीत तर पुसल्या जातील, हे त्याला पाठ होतं. पण न तपासल्या तर उद्या सगळ्याच जाणार होत्या. त्यानं एका चिठ्ठीची नक्कल करून आधी तिच्यावर तपासणी चालवून पाहिली. ती साफ झाली. मग डोळे मिटून कळ दाबली.

एकशे शहाऐंशी चिठ्ठ्या. त्यातल्या एकसष्ट रोगट निघाल्या. एकही पुसली गेली नाही.

त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिथंच, साफ सर्व्हरवर, त्यातली आवडती चिठ्ठी उघडली आणि या वेळी शब्दावर बोट ठेवून वाचली, शाळेत पोरं वाचतात तशी.

'कोंडीबा, तुझ्या मिरचीचा गार वाऱ्याला बसून तू माणसं विसरशील. जेवायला इकडं ये. खोलीत ठेचा आणलाय.'

त्यानं पुन्हा वाचली. 'खोलीत' आणि 'मिरचीचा' जागा सोडून बसले होते. किती दिवस? रोज वाचत होता तो, पण डोळे कुठं वाचत होते? पाठ झालेलं मनच म्हणत होतं. त्यानं दुसरी उघडली, तिसरी उघडली. जी चिठ्ठी जितक्यांदा काढली, तितकी ती विस्कटली होती. प्रत्येक वेळी उघडताना एक शब्द हलला होता, आणि बंद करताना त्यानं हो म्हणून तो तिथंच पक्का केला होता. ज्या चिठ्ठ्या कधी उघडल्याच नव्हत्या, त्या मात्र सूर्यभाननं ठेवल्या तशाच होत्या.

प्रोग्राम रोग काढत होता. शब्द मूळ जागी ठेवणं त्याच्या हातात नव्हतं.

कोंडीरामनं खुर्ची पुढे घेतली आणि 'खोलीत' उचलून 'तुझ्या'पुढे ठेवला. 'मिरचीचा' ठेच्यापाशी आणला. मग दुसरी चिठ्ठी. खरी प्रत आता कुठल्याच तबकडीवर नव्हती, त्याच्या डोक्यात होती तेवढीच. चौदा चिठ्ठ्या जुळल्या. पंधराव्यात 'हळू' हा एकच शब्द भरकटलेला होता, आणि सूर्यभाननं तो कुठं लिहिला होता ते काही केल्या आठवेना. नात हळू चालत होती, की कोंडीबानं हळू जेवायचं होतं? त्यानं तो इकडंतिकडं ठेवून पाहिला आणि शेवटी होता तिथंच परत ठेवला. बंद करताना मशीननं विचारलं, बदल साठवायचे का? काही बदललंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नाही म्हटलं.

चार वाजता तो डबा घेऊन फाटकापाशी आला.

"घावला का चोर?" गोरक्षनाथनं विचारलं.

"घावला."

"कोन हुता?"

"घरचाच."

गोरक्षनाथनं डब्याकडे पाहिलं. "जेवला न्हाई व्हय अजून? माझं कवाच झालं, तुमची वाट बघून बघून." मग त्यानं बाकावरची काठी उचलून बाजूला ठेवली. "बसा. मी बसतो हितं. खावा तुमी."

कोंडीराम बसला. भाकरी वाळून कडक झाली होती. त्यानं घास मोडला, आणि समोर काही न उघडता, हळूहळू जेवू लागला.