आनंदीबाईंनी पुढे सरकवलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे. पण मित्रांनो, लगेच मला माठाशेजारी नेऊन ठेवू नका. मी रत्नागिरीतल्या एका छोट्या चर्चमधला प्रभुभोजनाचा प्याला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब मला हातात घेऊन प्रार्थना करीत आणि मग मी बाकांवरून हातोहात फिरे. आपल्या पापांसाठी प्रभूने रक्त सांडले, त्याची आठवण म्हणून जो तो एक घोट घेई आणि मला शेजारच्याकडे देई.

चांदीचे प्याले मोठ्या चर्चमधले. मला बाजारातल्या एका तांबटाने ठोकून घडवले; आतून कल्हई, बाहेरून नुसते पितळ. पण आमसुलाने घासले की मी असा काही झळके, की माझा मलाच तोरा येई.

घासण्याचे हे काम आनंदीबाईंचे. माझ्यात ओतायचा रसही त्याच करीत. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून पातळ फडक्यातून गाळायच्या. त्यांच्या हातचा रस सगळी मंडळी पीत असे. त्या स्वतः मात्र मी हातात आलो की मान खाली घालीत आणि मला पुढे सरकवीत.

त्याचे असे झाले. कोणाशी वैर असेल तर आधी समेट करायचा, मगच प्याल्याला हात लावायचा, अशी आमच्या मंडळीची रीत. आनंदीबाईंचा एकुलता एक मुलगा अजिंक्य दारूच्या नादी लागला, एकदा आईवर हात उगारला आणि मुंबईला निघून गेला. काही वर्षांनी तो दारू सोडून, बायकोला घेऊन परत आला. तिचे नाव दीपाली. दोघे घरापुढच्या खळ्यात उभे राहिले. आनंदीबाईंनी दार उघडले नाही. "ह्या घरात कोन मुलगा नाय माजा," एवढेच त्या आतून म्हणाल्या. पोरे घोटभर पाणीही न पिता गेली आणि त्यांनी चिपळूणला बिऱ्हाड केले.

त्या महिन्यापासून बाई मला पुढे सरकवू लागल्या. पाळकसाहेबांनी उपदेशात बायबलमधली घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट घेतली. परत येणारा मुलगा अजून लांब होता, तेवढ्यात बाप धावत गेला आणि त्याच्या गळ्यात पडला. उपासना संपल्यावर साहेब म्हणाले, "बाई, चिपळूणला जाऊन या."

"आधी त्येला येऊन माफी मागू दे."

"तो आला होता, बाई."

बाई ओले फडके पिळत बसल्या.

पुढे अजिंक्य काविळीने गेला. निरोप पोचेपर्यंत माती झाली होती. बाई इतक्या रडल्या, की मला घासताना त्यांचे अश्रू माझ्यावर पडत. मला वाटले, आता तरी त्या घोट घेतील. छे! आता त्यांचे दुसरेच सुरू झाले.

"कोनाची माफी मागू? ज्याची मागायची तो मातीआड गेला. माज्यासारखीनं ह्येला तोंड लावू नये."

"लायक माणसांचा असता तर हा प्याला मीही पुढे सरकवला असता," साहेब म्हणाले. "हा कृपेचा आहे, बाई. पश्चात्ताप झालेल्याने नुसता घ्यायचा."

बाईंनी ऐकून घेतले आणि रविवारी मला पुढे सरकवले. आधी त्यांचा अभिमान आडवा आला, मग लाज. मला त्यांचा राग येई आणि त्याहून जास्त कीव येई.

मग करोना आला. एकाच प्याल्याने सगळ्यांनी पिणे बंद झाले. प्लास्टिकच्या इवल्या पेल्यांचा ट्रे आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर हिरवट डाग चढले, कल्हई काळवंडली. कोणी फिरकले नाही.

गेल्या वर्षी आनंदीबाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हात उचलेनात. दीपालीला कोणी बोलावले नव्हते. तरी ती चिपळूणहून आली आणि सासूचे सगळे अंथरुणातले करू लागली. एकदा साहेब अंथरुणापाशी प्रार्थना करून उठले, तर बाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि त्यांनी ओठ पुढे केले, जसे कोणी पिण्यासाठी करते. साहेबांना कळले. त्यांनी मला कपाटातून काढून कल्हई करवून आणली. दीपालीने मनुका भिजत घातल्या.

साहेबांनी मला बाईंच्या ओठांना लावले. इतक्या वर्षांनी! पण तोवर त्यांचे गिळणेही बंद झाले होते. रस हनुवटीवरून ओघळून उशीवर सांडला.

दीपालीने हनुवटी पुसली. मग माझ्यात बोट बुडवून तिने ते सासूच्या ओठांवरून फिरवले.

"घ्या, आई. तुमच्या मुलानं राग नाय धरला तुमचा. मीपन नाय."

बाईंची जीभ ओठांवरून हळूच फिरली. डोळ्यांतले पाणी कानांपर्यंत ओघळले. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

मित्रांनो, मी पुन्हा कपाटात आहे. मला कोणी घासले नाही तरी चालेल. पण तुमच्यापुढे कोणी असा प्याला धरला, तर आधी चांगला होतो आणि मग येतो, असे म्हणून त्याला ताटकळत ठेवू नका. आणि तुमच्या दारात कोणी उभे असेल, तर उठा, कडी काढा. आनंदीबाईंना शेवटी एक थेंब मिळाला. मी तर त्या दिवशीही काठोकाठ भरलेला होतो.